जे सांगायचं ते लिहून द्या

वर्धा जिल्ह्यातील कारखानदार, संस्थाचालक, रुग्णालयांचे व्यवस्थापक आणि कंत्राटदार यांना खुले पत्र



तुमच्याकडे माणसं कामाला लागतात आणि तुमच्याकडची माणसं काम सोडूनही जातात. लागण्याच्या दिवसाबद्दल तुम्ही पुष्कळ विचार करता. जाहिरात देता, मुलाखती घेता, कागद तपासता. हे पत्र सोडून जाण्याच्या दिवसाबद्दल आहे, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी तुमच्या मोबाइलवर येणाऱ्या एका फोनबद्दल. 'अमुक तमुक तुमच्याकडे होता ना? कसा आहे माणूस?' एवढंच त्या फोनवर विचारलेलं असतं. तुम्ही गाडीत बसल्या बसल्या, नाहीतर जेवता जेवता, त्याचं उत्तर देऊन मोकळे होता. अर्ध्या मिनिटाचं काम. संध्याकाळपर्यंत तुम्हाला ते आठवतही नाही. ज्याच्याबद्दल विचारणा झाली त्याची मात्र त्या फोनच्या धास्तीनं कित्येक दिवस झोप उडालेली असते.

एका शिक्षणसंस्थेच्या आस्थापना शाखेत माझी सारी नोकरी झाली. नेमणुकीचे आदेश, सेवापुस्तकं, रजेचे हिशेब, अनुभवाचे दाखले, हेच माझं रोजचं काम. निवृत्तीनंतर आमच्या भागातली मुलंमुली अर्ज भरायला, बायोडेटा नीट करून घ्यायला माझ्याकडे येतात. शिक्षण, गुण, पत्ता, आधार क्रमांक हे सगळं ती भराभर सांगतात. मग एक रकाना येतो: 'मागील नोकरीतील दोन व्यक्तींची नावे व दूरध्वनी, ज्यांच्याकडे चौकशी करता येईल.' तिथं ती थांबतात. एक मुलगी परवा म्हणाली, ''काकू, जुन्या सरांले फोन गेला त थे काय सांगतीन?'' तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती एखाद्या गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर शोभली असती. गुन्हा मात्र तिनं काहीच केलेला नव्हता. बहिणीच्या लग्नाला रजा मिळाली नाही, म्हणून एक महिन्याची रीतसर नोटीस देऊन तिनं एका खासगी रुग्णालयातली परिचारिकेची नोकरी सोडली होती. निघताना तिला ऐकवण्यात आलं होतं, ''बघू तुला कुठं नोकरी लागते ते.''

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची कहाणी याच वळणाची असते. एका शिक्षिकेनं विचारलं होतं की सही जास्त पगारावर आणि हातात कमी पैसे, असं का? कंत्राटदाराकडच्या एका फिटरनं प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक मागितला होता. जिनिंगमधला एक हिशेबनीस भर हंगामात, जानेवारीत, नागपूरला जास्त पगाराची जागा मिळाली म्हणून गेला. या शेवटच्या मुलाच्या मालकाचा राग मला समजतो. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावर गर्दी, शेतकऱ्यांचे चुकारे करायचे आणि हिशेबाचा माणूस गायब, म्हणजे मालकाची काय अवस्था होत असेल! पण तो राग त्या मुलाच्या कामाबद्दल काहीही सांगत नाही. त्याचे हिशेब पैशापैशाला जुळत होते. फोनवर विचारलं गेलं तेव्हा हिशेबांचं नावही निघालं नाही, निघाला तो फक्त राग.

मोठ्या शहरात एक मालक नाराज झाला तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन पोट भरू शकतो. आपल्या आठ तालुक्यांच्या जिल्ह्यात तसं होत नाही. एके काळी पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापडगिरण्या होत्या. पुलगावची गिरणी बंद पडली आणि एका गावाचा आधार गेला. आज शिक्षणसंस्था, दवाखाने, देवळी-हिंगणघाटच्या औद्योगिक वसाहती, जिनिंग-प्रेसिंग आणि दुकानं, यांतच आमच्या मुलांना काम शोधायचं असतं. या जागा ज्यांच्या हातात आहेत ती माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात, एकाच मंडपात जेवतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला उभी राहतात. यात वाईट काही नाही. पण या ओळखीमुळे तुमच्या एका वाक्याचं वजन किती वाढतं याचा अंदाज तुम्हाला आहे का, हे मला विचारायचं आहे. नर्सिंग झालेल्या मुलीला जिल्ह्यात जाण्यासारखी ठिकाणं बोटांवर मोजता येतील. त्यातल्या एका ठिकाणाहून 'तुमचं तुम्ही बघा' एवढं जरी म्हटलं गेलं, तरी बाकीची दारं कोणताही आवाज न करता लागतात.

फोनवर उघड खोटं फारसं कोणी बोलत नाही. बोलणं असतं ते असं: 'मुलगा तसा चांगला आहे, पण…' आणि त्या 'पण'नंतर काही नाही. किंवा एक उसासा. किंवा 'सोडून का गेला ते त्यालाच विचारा.' समोरचा माणूस अनुभवी असतो, त्याला जे समजायचं ते समजतं. उमेदवाराला 'आम्ही कळवतो' असं सांगितलं जातं आणि कोणी कळवत नाही. आपल्याबद्दल काय बोललं गेलं, कोण बोललं, मुळात फोन झाला की नाही, यातलं काहीच त्याला समजत नाही. आरोप कळला तर माणूस उत्तर देऊ शकतो, पुरावा दाखवू शकतो, निदान माफी तरी मागू शकतो. इथं आरोपही नाही आणि सुनावणीही नाही, फक्त निकाल आहे.

इंग्रजांच्या काळात साहेबांच्या बंगल्यावर काम करणारे खानसामे, साईस आणि आया जुन्या साहेबांनी लिहून दिलेले दाखले पुडक्यात बांधून जपत असत. नवा साहेब आला की ते पुडकं पुढे करायचं. पुष्कळांना त्यातलं अक्षरही वाचता येत नसे, आणि कधी कधी त्या कागदावर त्यांच्याविरुद्धच लिहिलेलं असे. किती अपमानाची गोष्ट! तरीही तो कागद त्यांच्या हातात होता, एखाद्या शिकलेल्या माणसाकडून तो वाचून घेता येत होता. आमच्या पदवीधर मुलीला तेवढंही मिळत नाही.

त्या फोनच्या भीतीचा आणखी एक परिणाम आहे, आणि मला तो सगळ्यात जास्त बोचतो. चांगली मुलं खोटं बोलायला लागतात. दोन वर्षांची नोकरी बायोडेटातून गाळून टाकतात आणि त्या जागी 'घरी होतो' लिहितात. मॅनेजर म्हणून मित्राचा नंबर देतात. मी त्यांना हे करू देत नाही, अर्जच भरत नाही. कारण खोटं उघडकीस आलं की मूळ भांडण कुणीही विचारत नाही, खोटेपणाच उरतो. सरकारी नोकरीतल्या पडताळणीच्या अर्जात माहिती दडवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सविस्तर निकाल दिला, त्याचा पाया हाच आहे की दिलेली माहिती खरी असली पाहिजे. दडवलेली बाब किरकोळ असेल तर नियोक्त्यानं ती समजून घ्यावी, अशी जागाही त्या निकालात आहे. पण प्रत्येक मुलाला न्यायालयापर्यंत जाता येत नाही. म्हणून माझी विनंती आहे की ज्या भीतीतून हे खोटं जन्मतं ती भीतीच तुम्ही काढून टाका. ते तुमच्या हातात आहे.

सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना एका प्रसंगाची आठवण करून द्यावीशी वाटते. १९३६ साली शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आलेले गांधीजी आपल्या ओळखीचे आहेत. त्याआधी बेचाळीस वर्षं, पंचविशीही न गाठलेला एक बॅरिस्टर म्हणून, ते दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची सनद मागत होते. अर्जाला चारित्र्याचे दोन दाखले जोडायचे होते. गोऱ्यांनी दिलेल्या दाखल्यांना अधिक वजन येईल असं वाटून त्यांनी दोन नामांकित युरोपीय व्यापाऱ्यांचे दाखले घेतले. हे व्यापारी त्यांना, ज्यांच्या कामासाठी ते तिथं गेले होते त्या अब्दुल्ला शेठजींच्या ओळखीतून माहीत झालेले. तरी तिथल्या वकिलांच्या संघानं अर्जाला विरोध केला. विलायतेतलं मूळ प्रमाणपत्र जोडलेलं नाही, ही एक हरकत. ते मूळ प्रमाणपत्र मुंबईच्या उच्च न्यायालयात जमा करावं लागलेलं होतं. खरी हरकत कातडीच्या रंगाची होती.

पुढचा भाग आत्मकथेत आहे, आणि माझ्या मते नोकरी देणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. संघानं नेमलेल्या नामवंत वकिलानं गांधीजींना भेटायला बोलावलं. त्यांची सगळी माहिती विचारली आणि आपल्या मनात काय शंका होती ते मोकळेपणानं सांगितलं: तुम्ही कोणी तोतया असाल अशी भीती होती, मूळ प्रमाणपत्र नसल्यानं ती वाढली, आणि या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दाखल्यांना माझ्या लेखी किंमत नाही, कारण ते तुम्हाला ओळखतात तरी किती? गांधीजी म्हणाले की इथं मला सगळेच नवे आहेत, अब्दुल्ला शेठजींचीही ओळख इथंच झाली. त्यावर वकिलानं वाट दाखवली. शेठ तुमच्याच मुलखातले आहेत, तुमचे वडील तिथं दिवाण होते, म्हणजे तुमचं घराणं त्यांना माहीत असणारच. त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा, माझी हरकत राहणार नाही. गांधीजींच्या मनात एक कडू विचार येऊन गेला की सुरुवातीलाच शेठजींचा दाखला जोडला असता तर गोऱ्यांचा आणा म्हणाले असते. तो खराच होता. कोणाचा शब्द प्रमाण मानायचा हे नेहमी ज्याच्या हातात सत्ता असते तोच ठरवतो.

संघानं विरोध सोडला नाही, पण सप्टेंबर १८९४ मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. मुख्य न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा की मूळ प्रमाणपत्र जोडलं नाही ही हरकत पोकळ आहे. अर्जदारानं खोटं प्रतिज्ञापत्र केलं असेल तर त्याच्यावर खटला भरता येईल, आणि दोषी ठरला तर यादीतून नाव काढता येईल.

मला या प्रसंगातल्या त्या वकिलाचं वागणं फार मोलाचं वाटतं. तो विरोधी बाजूचा होता, त्याच्या संघाचा हेतू शुद्ध नव्हता. तरी त्यानं संशय ज्याच्याबद्दल होता त्याच्याच तोंडावर बोलून दाखवला. कशानं समाधान होईल तेही सांगितलं. आपल्या जिल्ह्यात उमेदवार समोर खुर्चीवर बसलेला असतो, त्याला चहा दिला जातो, आणि त्याच्याबद्दलची शंका तो उठून गेल्यावर तिसऱ्याच माणसाला विचारली जाते. जुन्या ठिकाणाहून काही कानावर आलं असेल तर त्याला पुन्हा बोलवा. 'तुमच्याबद्दल असं असं सांगितलं गेलं, तुमचं म्हणणं काय?' एवढं विचारा. पाच मिनिटं लागतील. त्याचं उत्तर पटलं नाही तर घेऊ नका. तो तुमचा अधिकार आहे.

आता कागदांविषयी. माझं आयुष्य कागदांत गेलं, त्यामुळे इथं जरा थांबते.

सोडून जाणाऱ्याला सेवेचा दाखला देणं हे उपकाराचं काम आहे अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. कायद्यानं हे उपकारावर कधी सोडलेलं नव्हतं. औद्योगिक रोजगारातल्या स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा होता. त्याच्या आदर्श आदेशांत कायम कामगाराला निवृत्तीच्या वेळीच काय, कामावरून काढताना आणि बडतर्फ करतानासुद्धा सेवेचा दाखला मिळण्याचा हक्क होता. बडतर्फ केलेल्याला सुद्धा! कारण त्यानं अमुक वर्षं अमुक काम केलं ही गोष्ट बडतर्फीनं खोटी ठरत नाही. कंत्राटी कामगारांसाठी १९७१ च्या केंद्रीय नियमांत तर दाखल्याचा ठरावीक नमुनाच होता, आणि कोणत्याही कारणानं काम संपलं तरी कंत्राटदारानं तो भरून द्यायचा होता. मी विचारलेल्या एकाही कंत्राटी कामगारानं तो नमुना पाहिलेला नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या टेबलावर असाव्यात. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीच्या संहितेनुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, आणि कंत्राटी कामगारानं मागितला तर कंत्राटदारानं त्याला केलेल्या कामाचा तपशील असलेला अनुभवाचा दाखला द्यायचा आहे. वेतन संहितेनुसार राजीनामा देणाऱ्याचं निघत असलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकतं करायचं आहे. 'फुल अँड फायनल'साठी तीन-तीन महिने हेलपाटे घालणारी मुलं मी पाहते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. तिसरी गोष्ट मात्र उलट्या दिशेची आहे. स्थायी आदेशांचं बंधन आता तीनशे किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरतंच आहे. आपल्याकडे एवढे कामगार असणाऱ्या जागा किती? म्हणजे जिल्ह्यातल्या बहुतेकांना दाखला मिळेल की नाही हे तुमच्या मनावर राहतं. मंत्र्यांना निवेदन देण्याऐवजी मी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे ते त्यासाठीच.

मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं तर आता थांबलंच पाहिजे. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईत एका तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर खासगी रुग्णालयातल्या परिचारिका संपावर गेल्या होत्या. बाँड आणि अडकवून ठेवलेली प्रमाणपत्रं हेच त्यांचं गाऱ्हाणं होतं. एवढं होऊनही माझ्यासमोर बसलेली मुलगी सांगते की तिचं नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र जुन्या ठिकाणच्या कपाटात आहे. प्रशिक्षणावर तुमचा खर्च होतो, माणूस मध्येच गेला तर नुकसान होतं, हे मान्य. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांच्या सेवेचा आणि दोन लाख रुपयांचा बाँड वैध ठरवला आहे. बाँड केला असेल तर त्याची रक्कम कायद्याच्या मार्गानं मागा. दहावी-बारावीपासूनच्या कष्टाचे कागद तारण ठेवून घेऊ नका.

फ्रान्समध्ये १८०३ साली कामगारांसाठी एक पुस्तिका सक्तीची झाली होती. जुन्या मालकानं तीत कामातून मोकळं केल्याचं लिहून दिल्याशिवाय नव्यानं कामावर घ्यायचं नाही, असा तो कायदा. मालक पुस्तिका स्वतःजवळ ठेवून घेत आणि कामगार जागच्या जागी अडकत. ही पद्धत पूर्ण मोडायला १८९० उजाडलं. 'जुन्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर आणल्याशिवाय रुजू करून घेणार नाही' असं तुम्ही म्हणता तेव्हा ती पुस्तिकाच तुम्ही पुन्हा जुन्या मालकाच्या हातात देता. तो देत नसेल तर नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक, आयकराचा फॉर्म सोळा हे पुरावे पुरेसे धरा. प्रॉव्हिडंट फंडाचा एकच क्रमांक नोकरीभर सोबत राहण्याची सोय २०१४ पासून आहे. त्याच्या खात्यात कुठं, केव्हापासून, केव्हापर्यंत हे दिसतं. जुन्या मालकानं सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती स्वतः ऑनलाइन भरता येते. हे फार थोड्या मुलांना माहीत आहे. तुम्ही तरी त्यांना सांगा.

एक रास्त प्रश्न तुम्ही मला विचाराल. ज्यानं खरंच चोरी केली, रुग्णाला मारलं, शाळेतल्या मुलीशी गैरवर्तन केलं, त्याच्याबद्दलही गप्प बसायचं का? मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की अशा वेळीच आपल्याकडे सगळे गप्प बसतात. 'कशाला कोणाच्या पोटावर पाय द्या' म्हणत, चौकशी न करता, गुपचूप राजीनामा घेऊन, वर चांगला दाखला देऊन त्याला दुसऱ्या शाळेकडे पाठवलं जातं. हा पुढच्या शाळेतल्या लेकरांवर केलेला अन्याय आहे. आरोप असेल तर चौकशी करा, त्याला बोलू द्या, निष्कर्ष लिहा, आणि कोणी विचारलं तर तो निष्कर्ष लेखी कळवा. सद्भावनेनं, समोरच्याच्या हितरक्षणासाठी दिलेल्या माहितीला बदनामीच्या कायद्यात अपवाद आहे. जुन्या दंडसंहितेत तो होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येही आहे. खरं आणि तपासलेलं सांगणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही.

आणि ऐकीव किंवा रागातून सांगणाऱ्यानं थोडं घाबरावं. इंग्लंडच्या सर्वोच्च पीठानं १९९४ साली स्प्रिंग नावाच्या विमा व्यावसायिकाच्या खटल्यात ठरवलं की माजी कर्मचाऱ्याबद्दल शिफारसपत्र देताना वाजवी काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि निष्काळजीपणे लिहिल्यानं त्याचं नुकसान झालं तर भरपाई द्यावी लागेल. तो निकाल आपल्याला बांधत नाही. पण आपल्याकडचा २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदाही त्याच दिशेचा आहे. एखाद्याविषयीची माहिती त्याच्याबद्दलच्या निर्णयासाठी वापरली जाणार असेल किंवा दुसऱ्या संस्थेला दिली जाणार असेल, तर ती पूर्ण आणि अचूक असल्याची खात्री माहिती बाळगणाऱ्यानं करायची आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ही कलमं अठरा महिन्यांनी अमलात यायची आहेत. संगणकात माणसांच्या फाइली ठेवणाऱ्या संस्थांनी आत्तापासून सवय लावून घ्यावी.

लेखी दाखल्यातही लबाडी करता येते, हे मला माहीत आहे. जर्मनीत प्रत्येक कर्मचाऱ्याला कायद्यानं लेखी दाखला मिळतो, आणि त्यात दुसराच अर्थ सुचवणारी भाषा वापरायला मनाई आहे. तरी तिथं स्तुतीच्या वाक्यांची एक छुपी उतरंड तयार झाली. कोणतं विशेषण गाळलं यावरून नवा मालक खरं मत ओळखतो. म्हणून माझं म्हणणं असं की दाखल्यात मतं कमीत कमी असावीत. पद, कामाचं स्वरूप, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शेवटचं वेतन, शिस्तभंगाची कारवाई पूर्ण झालेली असेल तर तिचा क्रमांक आणि निष्कर्ष. एवढं बस्स. स्वभाव, निष्ठा, 'टीममध्ये मिसळतो का' हे नव्या मालकानं महिनाभर काम बघून स्वतः ठरवावं. परिविक्षा कालावधी त्यासाठीच असतो.

आणि फोन? तो बंद करा असं मी म्हणणार नाही, आपल्या जिल्ह्यात ते होणारही नाही. पण कोणी विचारलं तर सांगा, 'ईमेल पाठवा, मी लेखी कळवतो, आणि त्याची प्रत त्या मुलालाही देतो.' तेवढ्यानं पुष्कळ फरक पडेल. जे प्रत देऊन सांगवत नाही ते बहुधा सांगण्यासारखं नसतंच. विचारणाऱ्यांनाही एक विनंती: उमेदवार अजून जुन्या ठिकाणी कामाला असेल तर त्याची परवानगी घेतल्याशिवाय तिथं फोन करू नका. एका मुलाची नवी नोकरी झाली नाही आणि अशा फोनमुळे जुनीही गेली. आज तो घरी बसून आहे.

शाळा जूनमध्ये सुरू होतील, जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास. दोन्हींच्या आधी माणसं बदलतात. त्या आधी आपापल्या कार्यालयात दाखल्याचा एकच अर्ध्या पानाचा नमुना छापून ठेवा. राजीनामा मंजूर झाल्याच्या पत्रासोबतच तो सहीशिक्क्यानिशी हातात द्या, वेगळा अर्ज मागू नका. ज्यांच्या कपाटात कोणाची मूळ प्रमाणपत्रं आहेत त्यांनी या महिन्यात ती पोच घेऊन परत करावीत. नमुना तयार करायला, जुन्या नोंदींवरून तारखा काढायला कुणाला मदत लागली तर मी येईन, त्याचे पैसे घेणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रानं आणि कामगार कार्यालयानं एखादी बैठक बोलावली तर तिथंही हे सगळं कागद पुढे ठेवून सांगायची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
आस्थापना शाखेतून निवृत्त झालेली एक कर्मचारी
वर्धा